खडबडीत बाजू हाडाकडे

१९ जानेवारी

प्रिय घुम्या,

तुला 'प्रिय' म्हणायची कायद्याने आता सक्ती उरलेली नाही, म्हणूनच मुद्दाम म्हणते.

मेल न करता कागदावर लिहितेय याचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस. मेलला तू उत्तर दिलं नाहीस की सरळ तुझा राग येतो. पत्राला दिलं नाहीस तर निदान पोस्टखात्यावर खापर फोडता येतं.

कारण अगदी किरकोळ आहे. घराचं विजेचं मीटर अजून तुझ्या नावावर आहे, ते माझ्या नावावर करायला तुझी सही लागते. कागद सोबत जोडलाय. सही कर आणि परत पाठव. सोबत चार ओळी लिहिल्यास तर माझी हरकत नाही, पण मला चमत्कारांची सवय नाही.

इकडे सगळं ठीक. आई (तुझ्या, पण हाक मारायची सवय सुटत नाही) ठणठणीत आहेत. दर बुधवारी येतात, माझी भांडी नीट लागली नाहीत म्हणून पुन्हा लावतात आणि जातात. परवा मी म्हटलं, "आई, मी आता तुमची सून नाही. कशाला एवढे जिने चढता?" तर पदर खोचत म्हणाल्या, "घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात. मला कुणी विचारलं होतं? मी दिलेला नाही." यावर वकिलांचं मत घ्यायला हवं.

कामं बरी चालली आहेत. मागच्या आठवड्यात एका लिफ्टसाठी आवाज दिला. 'दरवाजा बंद होत आहे.' ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "मॅडम, थोडं आपुलकीने म्हणा ना." दरवाजा बंद होतोय हे आपुलकीने कसं म्हणायचं रे? मग तू गेलास त्या दिवशीचं आठवलं आणि एका दमात जमलं. कुठला अनुभव कुठे कामाला येईल, सांगता येत नाही.

— भोंगा (हे नाव तूच ठेवलेलं, म्हणून सहीलाही तेच.)

ता. क. खालच्या जबड्यात डावीकडे जरा सूज होती. फोटो काढला. लहानशी पाण्याची गाठ आहे. काळजीचं काही नाही. तू विचारलं नाहीस, पण विचारलं असतंस तर मी हेच सांगितलं असतं.


७ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

सही मिळाली. कागदाच्या मागे, पुढे, पाकिटाच्या आतसुद्धा बघितलं. फक्त सही. तुझ्याकडे शब्दांचा एवढा साठा शिल्लक असताना तू तिथे त्या कारखान्यात पाव गुंडाळायचं प्लास्टिक बनवतोस, ही मात्र खरी उधळपट्टी आहे.

मागच्या पत्रात मी 'लहानशी' म्हटलं होतं. ती लहानशी राहिलेली नाही. म्हणजे तेव्हाही नव्हतीच.

झालं असं, की वेळ घ्यायला मी रुग्णालयात फोन लावला. पलीकडून एक बाई फार गोड आवाजात म्हणाली, 'आपण रांगेत आहात. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' मला वाटलं, काय खोटारडी बाई आहे. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ओळखलं. मीच होते. बराच वेळ मी मला ताटकळत ठेवलं. शेवटी मीच कंटाळून फोन ठेवला आणि चालत गेले.

सर्जनबाई तरुण आहेत, चटपटीत आहेत आणि पेशंटशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघतात. ही सवय डॉक्टरला फार काळ टिकत नाही, म्हणून आवर्जून नोंदवते. त्यांनी पडद्यावर माझा जबडा दाखवला. उजवीकडे हाड जाड, पांढरं. डावीकडे काळोख, आणि त्या काळोखाच्या कडेला पेन्सिलने ओढल्यासारखी एक रेघ.

"ही रेघ म्हणजे काय?" मी विचारलं.

"हेच उरलेलं हाड," त्या म्हणाल्या. "आतून पोखरलंय. गाठ साधीच आहे, कॅन्सर नाही. पण ती काढली की इथे पोकळी राहणार. ती हाडाने भरली तर उत्तम."

"आणि नाही भरली तर?"

"तर जबडा कधीतरी मोडेल. जांभई देतानाही मोडू शकतो. मग तेवढा तुकडा काढून पट्टी बसवावी लागेल. बोलता येईल, पण... तुम्ही काय करता?"

"बोलते," मी म्हटलं.

त्यांनी तेवढं टिपून घेतलं. मग त्यांनी बेत सांगितला. गाठ काढायची. पोकळीत हाडाचे बारीक दाणे भरायचे. माझ्याच कमरेच्या हाडातला मगज सुईने ओढून, त्यातल्या मूळपेशी त्या दाण्यांवर सोडायच्या. मूळपेशी म्हणजे ज्यांनी मोठेपणी काय व्हायचं ते अजून ठरवलेलं नाही अशा पेशी. या वयात माझ्या कमरेत अजून असं कुणीतरी आहे, हे ऐकून मला एकदम तरुण वाटलं. आणि या सगळ्यावर एक पडदा घालायचा, वर हिरडी शिवून टाकायची.

"पडदा कशाला?" मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं, तरी विचारलं.

"हिरडी भराभर वाढते, हाड सावकाश. मध्ये आडोसा नसेल तर हिरडीच आत उतरून सगळी जागा बळकावते. पडदा स्वतः काही करत नाही हो. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. हाडाची जागा धरून ठेवतो. काही महिन्यांनी आपोआप विरघळतो."

रुमालाची उपमा तुझी आहे. तुझ्या माहितीपत्रकातून ती त्यांच्या तोंडात गेली असणार. आयुष्यात एकदाच तू काहीतरी गमतीदार लिहिलंस, तेही माहितीपत्रकात.

मग त्यांनी कपाटातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. निळी पट्टी, कोपऱ्यात तुझ्या संस्थेचं चिन्ह. "हा इथलाच आहे. चाचणी अजून चालू आहे, म्हणून तुमची लेखी संमती लागेल. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर निकाल विचित्र आहेत. निम्म्या लोकांना असा लागू पडतो की बघत राहावं. निम्म्यांना अजिबात नाही. बनवणारे सर त्यालाच कंटाळून नोकरी सोडून गेले. दुसरा, नेहमीचा पडदाही आहे. पण एवढ्या मोठ्या पोकळीत तो भरवशाचा नाही."

सर कोण, ते मी विचारलं नाही. माझं आडनाव माहेरचं, त्यामुळे त्यांनीही विचारलं नाही.

अनोळखी माणसाने दिलेलं काही तोंडात घालू नये, असं लहानपणी शिकवलेलं. तू ओळखीचा आहेस. मी सही केली.

हे तुला विचारायला लिहिलेलं नाही. कळवायला लिहिलंय.

— भोंगा


२६ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

उद्या आहे.

आईंना फक्त 'दाढ काढायची आहे' एवढंच सांगितलं होतं. त्या सकाळीच पिशवीभर कपडे घेऊन राहायला आल्यात. "दाढ काढायला कुणी मृत्युपत्राचे कागद वरच्या कप्प्यात काढून ठेवतं का?" म्हणाल्या. या बाईपासून काही लपत नाही. तू त्यांच्या पोटी जन्मून इतकं कसं काय लपवायला शिकलास, देव जाणे.

दुपारी आवाजाच्या खोलीत जाऊन आले. राहिलेली सगळी वाक्यं उरकली. 'कृपया सोबतचं सामान सांभाळा.' 'पुढील थांबा, शेवटचा थांबा.' मुद्रण करणारा म्हणाला, "मॅडम, आज एकदम घाई?" मी म्हटलं, "सुट्टीवर चाललेय." काचेपलीकडून त्याने अंगठा दाखवला. मग उगाचच, काही काम नसताना, मी बाराखडी म्हणून ठेवली. सगळी. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. असू दे एक प्रत कुठेतरी.

भीती वाटत नाहीये.

— भोंगा


५ मार्च

घुम्या,

हे पत्र बसून वाच. चष्मा लाव.

शस्त्रक्रिया भूल देऊन केली, पण झोपवून नाही. जबडा बधिर, मी जागी. सकाळी कमरेत सुई घालून मगज काढला. त्याबद्दल एवढंच सांगते, की आपल्या लग्नात तू मला कधी एवढं दुखवलं नाहीस. मग खुर्ची आडवी केली, चेहऱ्यावर हिरवं कापड, मध्ये तोंडापुरतं भोक. डोळे झाकलेले, जीभ अर्धी मेलेली, तोंड उघडं. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा कडक शिक्षा कुठल्याही न्यायालयाने सुनावली नसती. सर्जनबाई म्हणाल्या, "दुखलं तर फक्त डावा हात वर करा."

गाठ निघाली. दाणे भरले गेले. मगजाचं पाणी त्यावर सोडल्याचं ऐकू आलं. सगळं ऐकू येत होतं. मग पाकीट फाडल्याचा आवाज. कात्रीचा आवाज. म्हणजे पडदा पोकळीच्या मापाने कापला. मग पाण्यात टाकला. मऊ पडायला.

मग चिमटा पाण्यात बुडल्याचा आवाज.

"सिस्टर, ही खडबडीत बाजू ना?" सर्जनबाई.

"मॅडम, मला दोन्ही सारख्याच दिसतायत."

"तुम्ही चिमट्याने पालटला होता का?"

"एकदा पालटला. की दोनदा? बुळबुळीत झालाय हो."

"सुका होता तेव्हा बघितलं होतं मी, वरची खडबडीत होती."

"मग पालटला असेल तर खालची."

"असेल," सर्जनबाई म्हणाल्या. "हं. अशीच असेल."

घुम्या, त्या 'असेल'ने माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या पत्रकात मोठ्या अक्षरांत आहे ना, 'खडबडीत बाजू हाडाकडे, गुळगुळीत बाजू हिरडीकडे'? कारण पेशी खडबडीत बाजूला धरून राहतात आणि गुळगुळीत बाजूवरून घसरतात. उलटा लावला तर हाडाच्या पेशींना पाय रोवायला जागा नाही, आणि हिरडीला मात्र चढायला शिडी. हे मला माहीत आहे, कारण वर्षानुवर्षं आपल्या जेवणाच्या टेबलावर दुसरं काही बोलणंच नव्हतं.

मी डावा हात वर केला.

"दुखतंय?"

मी बोट हलवलं. नाही. मग हवेत लिहायचा अभिनय केला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, यांना काहीतरी लिहायचंय." "आत्ता?" "आत्ताच म्हणतायत." माझ्या हातात कातडीवर खुणा करायचं पेन आलं. कागद कुठून आणणार? मी अंगावरच्या हिरव्या कापडावरच चाचपडत लिहिलं: ओठाला लावा.

"काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

मी पुन्हा लिहिलं: कोपरा कातरा. बाजू न बदलता वरच्या ओठाला लावा. मी सांगते.

"बाई, कापड बाद केलंत तुम्ही!" सिस्टर खेकसल्या. मग कात्रीचा छोटा आवाज झाला आणि माझ्या वरच्या ओठाला, जिथे भूल पोचली नव्हती तिथे, काहीतरी गार आणि ओलं टेकलं. आधी हाडाकडे जाणार होती ती बाजू. मग दुसरी.

तुला आठवतं? तू बशीत पाणी घालून पडद्याचे तुकडे आणायचास. डोळे मिटून ओठाला लावायचास. मग माझ्यापुढे धरायचास. मी म्हणायचे, "मांजराची जीभ." किंवा म्हणायचे, "मांजराचं पोट." आणि तू "बरोबर" म्हणायचास. दिवसभरातला तुझा एकमेव शब्द. ओल्या पडद्याची बाजू बोटाला कळत नाही, हातमोज्यातल्या बोटाला तर मुळीच नाही. ओठाला कळते. हे तुला माहीत होतं. मला माहीत होतं. पत्रकात का नव्हतं, शहाण्या?

मी सांगते का. 'ओठाला लावून पाहावे' असं शास्त्रीय कागदावर लिहायची तुला लाज वाटली.

त्या हाडाकडे मांजराचं पोट लावायला निघाल्या होत्या. मी कापडावर लिहिलं: उलटा.

त्यांनी पालटला. शिवला. सगळं झाल्यावर कापड बाजूला करून सर्जनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला हे कसं ठाऊक?" माझं तोंड कापसाने भरलेलं. पेन अजून हातात होतं. मी तळहातावर लिहून दाखवलं: बनवणाऱ्याची बायको. मग 'बायको'च्या आधी 'माजी' घालायला जागा नव्हती, म्हणून राहू दिलं.

— भोंगा


२० मार्च

प्रिय घुम्या,

दोन महिने बोलायला मनाई आहे. अगदीच गरजेचं, तेही दात न उघडता. जबड्याला धक्का नको. आई बाजारातून पाटी-पेन्सिल घेऊन आल्या. आमची भांडणं आता लेखी होतात. मी रागाने लिहिते, त्या सावकाश, ओठ हलवत वाचतात, मग म्हणतात, "हे अक्षर लागत नाही." मी पुसून पुन्हा लिहीपर्यंत राग उतरलेला असतो. हा शोध आपल्याला आधी लागायला हवा होता.

जेवण म्हणजे सूप. सकाळी सूप, दुपारी सूप. आई म्हणतात, "किती छान, घर किती शांत आहे." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणतात, "फारच शांत आहे." काल बस स्थानकावर गेल्या होत्या. परत आल्या त्या डोळे पुसत. "तुझा आवाज ऐकला. मला म्हणालीस, फलाटाच्या कडेला उभ्या राहू नका. मी लगेच मागे सरले." मी घरी मुकी आणि स्थानकावर सासूला दटावतेय. असा योग सगळ्या सुनांना लाभत नाही.

आता मुद्द्याचं. टाके काढायला गेले तेव्हा सर्जनबाईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "मी झोपलेले नाही नीट. आमच्याकडे चौघे सर्जन हा पडदा वापरतात. मी तिघांना विचारलं, ओला झाल्यावर बाजू कशी ओळखता? एक म्हणाला, 'कळते.' दुसरा म्हणाला, 'अंदाजाने.' तिसरा म्हणाला, 'मला वाटायचं तुम्हा सगळ्यांना कळतं, म्हणून मी विचारलं नाही.'"

मी पाटीवर लिहिलं: निम्म्यांना लागू, निम्म्यांना नाही.

त्यांनी मान हलवली.

मी लिहिलं: नाणं उडवलं तरी एवढंच पडतं.

त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाल्या, "सरांना वाटलं, पडदा वाईट आहे."

घुम्या, तुझा पडदा वाईट नाही. निदान तसा कुणी पुरावा दिलेला नाही. माझं हाड येतं की नाही ते अजून कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे मी तुला कसलंही आश्वासन देत नाही. पण तो निम्म्या तोंडांत उलटा बसलाय असा आमचा दाट संशय आहे. तू जे दार लावून घेऊन आकडे बघत बसायचास, त्या आकड्यांत पडद्याची चूक नव्हती. शहाण्या माणसांना एकमेकांना विचारायची लाज वाटली, आणि त्यांचा मेरुमणी तू.

सर्जनबाई तुला लिहिणार आहेत. त्यांना उत्तर दे. मला नाही दिलंस तरी चालेल.

(चालणार नाही. पण त्यांना दे.)

— भोंगा


११ एप्रिल

प्रिय घुम्या,

सर्जनबाईंना तुझं पत्र आलं म्हणे. चांगलं भरगच्च, आकृत्यांसकट. त्या हरखून मला म्हणाल्या, "सर किती मोकळेपणाने लिहितात हो!" मी पाटीवर उद्गारचिन्ह काढलं.

त्याच टपालाने मला तुझं कार्ड आलं. मी ते उलटंसुलटं करून बघितलं. दोन शब्द. 'दुखतंय का?'

आईंनी ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाल्या, "एवढं लिहायला त्याला किती त्रास झाला असेल!" आई त्या आईच.

उत्तर उद्या लिहीन. जरा विचार करून.

— भोंगा


१२ एप्रिल

घुम्या,

हो.

— भोंगा


१७ जून

प्रिय घुम्या,

तुझी चार पत्रं मिळाली. शेवटचं तर पानाच्या मागच्या बाजूलाही गेलंय. मी हळूहळू बोलायला लागलेय आणि तू हळूहळू लिहायला. दोन अपघातग्रस्त एकाच वॉर्डात चालायला शिकतायत असं वाटतं.

पत्रकात 'ओठाला लावून पाहावे' घालायला आता तू तयार झालास, हे वाचून आई हसल्या. पण सर्जनबाई म्हणतात ते बरोबर आहे. बऱ्याच पेशंटचे ओठ बधिर असतात आणि सर्जनने तोंडाचं फडकं काढून पडदा चाटून बघणं बरं दिसत नाही. एक कोपरा कापून खूण करण्याचाही उपयोग नाही, कारण पडदा मापाने कापताना नेमका तोच कोपरा जातो. म्हणजे एका बाजूला रंगच हवा. पेशींना न मारणारा, पडद्याबरोबर विरून जाणारा. असा रंग कोणता, ते इथे कुणालाच माहीत नाही. तुला माहीत आहे, कारण तुझ्या चौथ्या पत्रात तू दोन रंग सुचवलेस आणि दोन्हींबद्दल एवढं लिहिलंस, की ते पत्र माझं आहे की सर्जनबाईंचं, हे मला पाकीट बघून खात्री करून घ्यावं लागलं. मी दोनदा वाचलं. काही कळलं नाही. फार आवडलं.

इथे ज्यांना हाड आलं नाही त्यांना सर्जनबाई एकेकाला बोलावून खरं काय ते सांगतायत. 'कदाचित आमच्याकडून उलटा लागला असेल.' असं सांगायला छाती लागते. मला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं होतं, आधाराला. पहिला पेशंट म्हणजे एक निवृत्त बस ड्रायव्हर. दणकट गडी. सर्जनबाईंनी अर्धा तास समजावून सांगितलं, माफी मागितली. मला वाटलं, आता हा टेबल उलटवणार. तर म्हणाला, "म्हणजे उलटा लागला होता?"

"तशी शक्यता आहे."

"मग सुलटा लावा की! त्यात रडायचं काय, मॅडम? मी एकदा अख्खी बस चुकीच्या गावाला नेली होती."

पण पुन्हा लावायचा तर आधी बाजू ओळखता यायला हवी. तोवर संस्थेने चाचणी थांबवलीय. ऑगस्टमध्ये समिती बसणार. माझ्या जबड्याचा नवा फोटो तेव्हाच निघेल. सुलटा लागलाय हे खात्रीने सांगता येईल असा आजवरचा हा एकच पडदा. माझ्यात हाड आलं तर ते रंगाच्या कामाला परवानगी देतील. नाही आलं, तर तुझा पडदा, ड्रायव्हरकाका आणि मी, तिघांचं एकदमच आटोपलं.

म्हणून सांगते, समितीआधी तिकीट काढू नकोस. 'येऊ का?' असं तू विचारलंयस. मला तुझी दया नकोय आणि तुला माझी नको असणार. हाड येऊ दे, मग ये.

रोज जिभेने आतून चाचपून बघते. जिभेला काहीच कळत नाही. मी या जिभेवर पोट भरलं आणि ऐन वेळी ती अशी मख्ख.

— भोंगा


१३ ऑगस्ट

प्रिय घुम्या,

आज फोटो काढला.

सकाळपासून आई माझ्यापेक्षा घाबरलेल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "काय होईल ते होऊ दे, तू बोल किंवा बोलू नकोस, मी तुला सोडणार नाही." मी म्हटलं, "धमकी देताय की धीर?" "दोन्ही," म्हणाल्या.

यंत्र डोक्याभोवती फिरलं. मग आम्ही तिघी संगणकाच्या पडद्यासमोर. सर्जनबाई, आई आणि मी. सिस्टर दारात, काम नसल्याचं सोंग घेऊन उभ्या. चित्र वरून खाली उलगडत आलं. उजवी बाजू आधी. जाड, पांढरी, नेहमीसारखी. मग हनुवटी. मग डावीकडे.

मी काळोख शोधत होते. सापडेना.

मला वाटलं, चित्र उलटं लावलंय. इतका अविश्वास या घराण्यात राहून आलाय. मी विचारलंसुद्धा, "हा माझाच फोटो ना?" सर्जनबाईंनी पेनाचं टोक त्या जागी टेकवलं. जिथे पेन्सिलची रेघ होती, तिथे आता करडं, दाट, नव्या चुन्याने भरून काढलेल्या भिंतीसारखं हाड. कडेला अजून थोडं विरळ आहे. ते भरेल म्हणाल्या.

आई म्हणाल्या, "आणि त्याचा पडदा कुठे दिसतो यात?"

"तो आता नाहीये, आजी. विरघळला. आता जे आहे ते सगळं यांचं स्वतःचं."

आईंना ते फारसं रुचलं नाही. त्यांना मुलाचं काहीतरी दिसायला हवं होतं. त्या फोटोत इकडेतिकडे बोट फिरवत राहिल्या. मला मात्र ते बरोबर वाटलं. तू असाच आहेस. जागा धरून ठेवायची, आणि आपण होतो याचा पुरावा मागे ठेवायचा नाही. चिडावं की काय करावं, हे मला आयुष्यभर कळलेलं नाही. आजही कळलं नाही. तेवढ्यात सिस्टर आत येऊन म्हणाल्या, "त्या दिवशीचं कापड मी टाकलेलं नाही हं. धुऊन ठेवलंय. 'उलटा' अजून दिसतं त्यावर." आणि डोळे पुसत बाहेर गेल्या. माझ्यावर खेकसणारी हीच बाई.

सर्जनबाईंनी समितीला तिथल्या तिथे फोन लावला. आधी माझाच आवाज ऐकू आला, आपण रांगेत आहात वगैरे. या वेळी मी त्यांना फोन ठेवू दिला नाही. मग पलीकडे खरा माणूस आला. त्यांचं बोलणं झालं. रंगाच्या कामाला परवानगी देणार. लेखी पत्र तुला जाईल, पण ते सरकारी चालीने जाईल, म्हणून मी आधी सांगते. ड्रायव्हरकाकांना निरोप गेलाय. म्हणाले, "सरांना सांगा, घाई नाही, पण मला चणे खायचेत."

मग सर्जनबाई म्हणाल्या, "आता शेवटची तपासणी. तोंड पूर्ण उघडा. अजून. घाबरू नका, मोडत नाही. आता मोठ्याने काहीतरी म्हणा, पूर्ण 'आ' करून. तुमचं नेहमीचं काहीतरी."

नेहमीचं म्हणजे फलाटाच्या कडेला उभे राहू नका. दरवाजा बंद होत आहे. जिभेवर आलंही होतं. पण एवढे महिने राखून ठेवलेलं पहिलं मोठं वाक्य असं वाया घालवावंसं वाटेना. मी तुझं नाव घेतलं. घुम्या नाही. खरं नाव, कागदांवरचं. कितीतरी वर्षांत ते मी मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्याला जबडा पुरता उघडावा लागतो, हे मला आजच कळलं.

ठणठणीत निघालं. बाहेर बाकावरच्या माणसांनीही ऐकलं असणार.

आणि सर्जनबाई चटकन उठून दाराकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, तू आलास.

दारात कुणी नव्हतं. तिकीट काढ.

— भोंगा